‘७२ टेस्ट’च्या पॅकेजमध्ये नक्की काय तपासतात? ब्लड रिपोर्टमधल्या लाल आकड्यांचा अर्थ कसा लावायचा?

इन्स्टाग्रामवर दोन रील्सच्या मध्ये ही जाहिरात तुम्हालाही दिसली असेल. फुल बॉडी चेकअप, ७२ टेस्ट, सॅम्पल घ्यायला माणूस घरी येणार, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर आणि आई-बाबांचं सोबत केलं तर वर सूट.

रिपोर्ट खरंच संध्याकाळी येतो. बारा-चौदा पानांची पीडीएफ असते आणि त्यात चार-पाच आकडे लाल किंवा ठळक केलेले असतात. मग ती पीडीएफ फॅमिली ग्रुपवर जाते, गुगलवर शोधली जाते, हल्ली एआय चॅटबॉटलाही दाखवली जाते. डॉक्टरकडे मात्र ती पोहोचतेच असं नाही. पोहोचली तरी तोवर घरातल्या कुणीतरी ‘लिव्हर गेलंय’ असा निकाल देऊन टाकलेला असतो.

या लाल आकड्यांचा अर्थ काय, कोणते गांभीर्याने घ्यायचे आणि कोणते नाहीत, हे समजून घेऊया.

७२ टेस्ट म्हणजे खरंच ७२ तपासण्या?

नाही. सीबीसी ही एकच तपासणी आहे, एका नळीतल्या रक्तावर एका मशीनमध्ये होते. पण तिच्यातून हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींची संख्या, त्यांचा आकार, पांढऱ्या पेशींचे पाच प्रकार, प्लेटलेट्स असे वीसेक आकडे निघतात. पॅकेजच्या जाहिरातीत त्या वीस टेस्ट होतात. लिव्हर प्रोफाइलचे दहा-अकरा, किडनीचे काही, लघवीच्या तपासणीचे आणखी डझनभर.

यातले काही आकडे तर मोजलेलेच नसतात, गणित करून काढलेले असतात. वाईट कोलेस्टेरॉल म्हणून ओळखलं जाणारं एलडीएल अनेक लॅबमध्ये थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की ते मिळतं. हे सूत्र १९७२ सालचं आहे आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर ते चालत नाही. मग एलडीएल आणि एचडीएल यांचं गुणोत्तर ही आणखी एक ‘टेस्ट’. भागाकारालाही मोजलं की ७२ चा आकडा गाठणं अवघड नाही.

लाल आकडा आला म्हणजे आजार आहे का?

रिपोर्टच्या उजव्या बाजूला ‘नॉर्मल रेंज’ असते. ती कशी ठरते हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते.

निरोगी वाटणाऱ्या बऱ्याच लोकांचं रक्त तपासतात. येणारे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावतात. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के बाजूला काढतात. उरलेले मधले ९५ टक्के म्हणजे नॉर्मल रेंज. म्हणजेच १०० धडधाकट माणसांमधली ५ माणसं कोणत्याही एका तपासणीत रेंजच्या बाहेर पडणारच, तशी व्याख्याच आहे.

आता टेस्ट वाढवत न्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के होते. प्रत्यक्षात अनेक टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे हे गणित तंतोतंत लागू होत नाही. तरी दिशा तीच राहते. ७२ आकड्यांच्या रिपोर्टमध्ये सगळं काळ्या शाईत आलं, तर ते अपवादात्मक म्हणायचं.

पण इथे एक फरक लक्षात ठेवा. शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या मर्यादा या ९५ टक्क्यांच्या पद्धतीने ठरलेल्या नाहीत. त्या धोक्यावरून ठरल्या आहेत, म्हणजे कितीच्या पुढे डोळे, किडनी, हृदय यांना इजा होण्याचं प्रमाण वाढतं यावरून. ‘रेंजच्या थोडं बाहेर चालतंच’ हा दिलासा मोनोसाइट्सच्या आकड्याला लागू होतो, १४० च्या उपाशीपोटीच्या शुगरला नाही.

उलटंही घडतं. आकडा रेंजमध्ये असतो, पण तुमच्यासाठी बदललेला असतो. क्रिएटिनिन तीन वर्षं ०.७ येत होतं आणि या वर्षी १.१ आलं, तर कागदावर लाल काहीच दिसत नाही. डॉक्टरला मात्र ते दिसायला हवं, आणि दिसायचं तर जुने रिपोर्ट हवेत. जुना रिपोर्ट रद्दीत गेला की ही माहितीही जाते.

‘आपल्याकडे बायकांचं एवढंच असतं’

रिपोर्टमधला सर्वांत दुर्लक्षित लाल आकडा कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी हिमोग्लोबिन म्हणेन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा आणि पुरुषाचं १३ पेक्षा कमी असेल, तर तो अॅनिमिया म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या गटात होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होतं. पुरुषांमध्ये देशात २५ टक्के. या सर्वेक्षणात बोटाला टोचून घेतलेलं रक्त वापरलं होतं, शिरेतून घेतलेल्या रक्तावर आकडे कमी येतात असा आक्षेप आहे. तो मान्य करून थोडं कमी धरलं, तरी संख्या छोटी होत नाही.

इतक्या जणींचं कमी असतं म्हणूनच ते कमी वाटेनासं होतं. माझं उदाहरण सांगते. वय २६, हिमोग्लोबिन १०.६. त्याच रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी पण लाल होतं. घरात आठवडाभर चर्चा झाली ती उन्हात बसण्याची. हिमोग्लोबिनवर आईचं एकच वाक्य होतं, ‘आपल्याकडे बायकांचं एवढंच असतं.’ डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीकडे पाहिलंही नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते. पाळी किती दिवस असते? दिवसाला किती पॅड लागतात? जिना चढताना धाप लागते का? खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटतो का? शेवटचा प्रश्न ऐकून मी हसले होते, पण लोह कमी असणाऱ्यांमध्ये असे डोहाळे खरंच लागतात.

मग फेरिटिनची टेस्ट झाली. फेरिटिन म्हणजे शरीराच्या गोदामात लोह किती शिल्लक आहे त्याचा अंदाज. हिमोग्लोबिन हा दुकानातला माल असेल, तर फेरिटिन हे मागचं गोदाम. गोदाम आधी रिकामं होतं, दुकान नंतर. म्हणून गोळ्या सुरू केल्यावर हिमोग्लोबिन नीट झालं तरी पुढे काही महिने त्या चालू ठेवायला सांगतात. लोकांना वाटतं डॉक्टर उगाच लांबवतायत. आणि या गोळ्या चहासोबत घेतल्या, तर चहातले घटक लोह शोषू देत नाहीत. लिंबूपाणी चालतं, उलट मदतच होते.

सीबीसीमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तांबड्या पेशींचा सरासरी आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. पण पेशी लहान, त्यांची संख्या भरपूर आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक नाही, असं असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता तपासतात. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो. मात्र दोघंही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. पत्रिका जुळवणाऱ्या घरांत ही एक टेस्ट अजूनही होत नाही, हे माझ्या पिढीला तरी खटकायला हवं.

पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता निघाली, तर फक्त गोळ्या घेऊन थांबू नका. पाळी नाही, मग रक्त जातंय कुठे? अल्सर, मूळव्याध, क्वचित आतड्याचा कर्करोग, हे सगळं तपासावं लागतं. बाबांचं हिमोग्लोबिन दहावर आलं आणि घरात बीट-खजूर सुरू झालं, एवढ्यावर विषय संपत नाही.

‘मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होईल?’

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे प्रीडायबेटिक. मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकापेक्षा थोडं जास्तच.

बारीक असण्याच्या भरवशावर पुण्यातूनच पाणी पडलंय. केईएम हॉस्पिटल, पुणे इथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवतो, आत ऐवज वेगळा. भारतीय शरीर दिसायला किरकोळ, पण पोटाभोवती आणि आत चरबी राखून असणारं असू शकतं, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

त्यामुळे वजनापेक्षा कंबर मोजा. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी एक सोपा जोखीम-गुणांक तयार केलाय, त्याला सुईही लागत नाही. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, ५० किंवा त्यापुढे ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. स्त्रियांसाठी हीच मर्यादा ८० पासून सुरू होते, ९० पासून पुढे २० गुण. व्यायामही नाही आणि बैठं काम असेल तर ३०, दोन्हींपैकी एक जमेची बाजू असेल तर २०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली, तर जोखीम मोठी.

हिंजवडीत नोकरी करणारा ३६ वर्षांचा मुलगा घ्या. वय २०, कंबर ९४ म्हणजे १०, दिवसभर खुर्ची आणि व्यायाम शून्य म्हणजे ३०, बाबांना शुगर म्हणजे १०. बेरीज ७०. याने ७२ टेस्ट नाही केल्या तरी चालेल, शुगर मात्र तपासायलाच हवी.

उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ उंबरठा, १२६ पासून मधुमेह. एचबीएवनसीमध्ये ५.७ च्या आत ठीक, ६.५ पासून मधुमेह. काही त्रास नसताना आकडा वाढलेला आला तर निदान पक्कं करण्याआधी तपासणी पुन्हा करतात. एका रिपोर्टवर स्वतःला मधुमेही ठरवू नका आणि एका चांगल्या रिपोर्टवर सुटलो असंही समजू नका.

एचबीएवनसी ही टेस्ट गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देते, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखर चढत राहते. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करणाऱ्या काकांची चलाखी उपाशीपोटीच्या टेस्टमध्ये खपून जाते, इथे खपत नाही. पण ही टेस्टही फसते. लोहाच्या कमतरतेत ती खरी शुगर असते त्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात, तिथे ती कमी दाखवू शकते. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल बऱ्याच प्रमाणात आढळतो, त्यामुळे तिकडच्या कुटुंबांनी ही गोष्ट डॉक्टरला आधीच सांगितलेली बरी. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचं एचबीएवनसी ५.९ आलं, तर आधी कोणता आकडा नीट करायचा हा खरा प्रश्न असतो.

रक्त देण्याआधी काय पाळायचं?

उपाशीपोटी म्हणजे उपवास नव्हे. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. नवरात्रात सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘उपासच आहे माझा’ म्हणत फास्टिंग शुगर देणारे लोक असतात आणि लॅबवाल्यांना ते नवीन नाही. शुगरसाठी किमान ८ तास काही खायचं नाही, चहाही नाही. पाणी मात्र प्यायचं, त्याने शीर सापडायलाही सोपं जातं. जेवणानंतरची शुगर मोजताना दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. त्या दिवशी मुद्दाम अर्धी पोळी खाऊ नका, रोजचं जेवा आणि रोजची औषधं डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे घ्या.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेताय? त्या थायरॉईडच्या काही टेस्टमध्ये गोंधळ घालतात. टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या थांबवायला सांगतात. जिममध्ये आदल्या दिवशी जोरदार लेग डे झाला असेल तर एसजीओटी वाढतं, कारण ते लिव्हरइतकंच स्नायूंतही असतं. क्रिएटिन पावडर किंवा आदल्या रात्रीचं भरपूर मटण क्रिएटिनिन थोडं वाढवतं. बऱ्याच ‘लिव्हर खराब’ आणि ‘किडनी खराब’ प्रकरणांचा उगम असा असतो. रिपोर्ट दाखवताना हे सगळं सांगा, डॉक्टर मनकवडे नसतात.

घरी सॅम्पल घ्यायला येणाऱ्याच्या नळ्यांचे रंगही बघा. जांभळ्या टोपणाची नळी सीबीसी आणि एचबीएवनसीसाठी, करडी शुगरसाठी. करड्या नळीत फ्लुओराइड असतं, ते पेशींना साखर खाऊ देत नाही. साध्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरत जाते. मे महिन्यात दुपारपर्यंत बॅगेत फिरलेलं सॅम्पल काय सांगणार? नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर चिकटवलं जातंय ना, तेही पाहा. चार जणांच्या घरात एकदम रक्त घेतलं की अदलाबदल सोपी असते.

लॅब निवडताना ‘एनएबीएल’ची मान्यता आहे का ते तपासा. ती घेणं लॅबच्या मर्जीवर असतं आणि ठरावीक टेस्टपुरतीच मिळते, त्यामुळे दारावर लोगो असला तरी तुमची टेस्ट त्यात येते का हे विचारायला हरकत नाही. रिपोर्टवर सही कुणाची आहे हेही वाचा.

सगळ्यांनी दरवर्षी सगळं करावं का?

पुरावा तसं म्हणत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये १७ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात अडीच लाखांहून अधिक लोक होते. तक्रार नसलेल्यांची सरसकट तपासणी केल्याने एकूण मृत्यू किंवा कर्करोगाने होणारे मृत्यू यांत जवळपास फरक पडला नाही. अर्थात हे अभ्यास युरोप-अमेरिकेतले. तिथे फॅमिली डॉक्टर एरवीही शुगर आणि बीपी बघत असतो. आपल्याकडे अनेकांचं रक्त पहिल्यांदा तपासलं जातं ते ऑपरेशनच्या आधी. म्हणून ‘टेस्ट करूच नका’ असा याचा अर्थ मी काढणार नाही. नेमक्या करा, एवढंच.

व्हिटॅमिन डीचंच बघा. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांनी ही टेस्ट सरसकट करू नये असं सांगितलं. पॅकेजमध्ये मात्र ती ठळक अक्षरांत असते, कारण ती लाल येते आणि लाल आलं की पुढची विक्री होते. टीएसएच किंचित वाढलेलं असेल, म्हणजे १० च्या आत, तर सहसा दोन-तीन महिन्यांनी टेस्ट पुन्हा करून मगच ठरवतात. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ तपासून घेण्याला कारण आहे.

आणि एक आकडा रक्तात सापडतच नाही. ७२ नाही, ७०० टेस्ट केल्या तरी ब्लड प्रेशर कळणार नाही. ते दंडाला पट्टा बांधूनच मोजावं लागतं, त्याला दोन मिनिटं लागतात.

पैशांचा प्रश्न असेल तर सरकारी पर्याय आहेत. तिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी बीपी, शुगर आणि तोंडाच्या, तर स्त्रियांसाठी स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे. गावात आशाताई त्याचा फॉर्म भरतात. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांत डॉक्टरने लिहून दिलेल्या अनेक रक्ततपासण्या ‘महालॅब’ योजनेतून मोफत होतात. तिथे ७२ चं पॅकेज मिळत नाही. डॉक्टर आधी विचारतो काय होतंय आणि मग टेस्ट लिहितो. क्रम तोच बरोबर आहे.

शेवटी परदेशात राहणाऱ्यांसाठी. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात मुलाची शुगर ६.१ आली म्हणून इकडे आजी घाबरते किंवा इतकी कमी कशी म्हणून चक्रावते. तिथे एकक वेगळं आहे. त्या आकड्याला १८ ने गुणा, ११० येईल. कोलेस्टेरॉलला मात्र १८ नाही, साधारण ३९ ने गुणायचं. तिकडचा रिपोर्ट इकडच्या डॉक्टरला पाठवताना आकड्यासोबत एककाचा रकानाही फोटोत येईल असं बघा, बहुतेक वेळा नेमका तोच कापला जातो.